‘व्हिस्की विमेन’ : कोणीं कोणाला तारलें?

फ्रेड मिनिक या अमेरिकन पत्रकाराचें ‘व्हिस्की विमेन’ हें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें आम्हांस वाचावयास दिलें. तें हातीं घेतांना आम्ही थोडे संकोचलों, हें कबूल केलें पाहिजे. ज्या घरांत दारूचें नांवहि मोठ्यानें उच्चारीत नसत, अशा घरांत आम्ही वाढलों. शिवाय ती विद्यार्थिनी, रसायनशास्त्राची पदवी घेऊन, मद्य गाळण्याच्या एका कारखान्यांत नोकरी धरावी कीं नाहीं या विचारांत होती, आणि घरच्या मंडळींचा तीस विरोध होता. तेव्हां पुस्तकावरील आमचें मत हें केवळ पुस्तकापुरतें राहणार नव्हतें.

बूर्बन, स्कॉच व आयरिश व्हिस्की यांना स्त्रियांनीं कसें तारलें ती अज्ञात कथा सांगावयाची, ही लेखकाची प्रतिज्ञा उपशीर्षकांतच आहे. विस्मृतींत गेलेलीं नांवें उजेडांत आणणें हें पुण्यकर्मच होय, आणि तें मिनिक यांनीं परिश्रमपूर्वक केलें आहे. परंतु स्त्रियांनीं व्हिस्कीला तारलें एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. व्हिस्कीच्या धंद्यानें स्त्रियांना काय दिलें, आणि कोणत्या दारानें दिलें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

स्कॉटलंडांतील कार्डू येथील भट्टीचेंच उदाहरण घ्या. जॉन कमिंग यानें १८२४ सालीं परवाना काढला. त्यापूर्वीं तेथें चोरूनच दारू गाळली जाई. अबकारी अधिकारी आले म्हणजे त्याची पत्नी हेलन त्यांस जेवावयास बसवी, आणि बाहेर लाल निशाण चढवून शेजाऱ्यापाजाऱ्यांस इशारा देई, अशी आख्यायिका आहे. तिची सून एलिझाबेथ १८७२ सालीं विधवा झाली. तिनें कारभार हातीं घेतला, पुढें नवी भट्टी उभारली, आणि जुनीं पात्रें विल्यम ग्रँट यांस विकलीं. त्यांवरच ग्लेनफिडिकचा आरंभ झाला. १८९३ सालीं जॉन वॉकर आणि मंडळींस भट्टी विकतांना तिनें संचालक मंडळांत एक जागा मागून घेतली. पण ती मुलासाठीं, स्वतःसाठीं नव्हे! हेलन आली ती पत्नी म्हणून, एलिझाबेथ विधवा म्हणून. मेकर्स मार्कच्या बाटलीला लाल मेणाचें सुप्रसिद्ध आवरण देणारी मार्जी सॅम्युएल्स हीहि मालकाची सहधर्मिणीच. घर आणि भट्टी यांमध्यें भिंत नव्हती, म्हणून दार उघडें सांपडलें. याला कर्तृत्व अवश्य म्हणावें. परंतु जिला असें दार नाहीं, त्या मुलीनें यांतून कोणता मार्ग शिकावा?

बेसी विल्यमसन हिची गोष्ट निराळी, आणि म्हणूनच ती आम्हांस सर्वांत हृद्य वाटली. ग्लासगो विद्यापीठाची ही पदवीधर १९३४ सालीं आयला बेटावरील लाफ्रॉइग भट्टींत एका उन्हाळ्यापुरती टंकलेखिका म्हणून गेली आणि तेथेंच राहिली. मालक इयन हंटर यांची प्रकृति ढासळत गेली तसतसा कारभार तिच्याकडे येत गेला. १९५४ सालीं ते वारले, तेव्हां मृत्युपत्रान्वयें भट्टीहि तिच्याकडे आली. १९७२ सालीं ती निवृत्त झाली. परंतु त्या मृत्युपत्रांत दुसरें नांव असतें, तर वीस वर्षांची तिची विद्या कोणाच्या खातीं जमा झाली असती? या प्रश्नापाशीं लेखकानें अधिक थांबावयास हवें होतें. रम हा या पुस्तकाचा मुख्य विषय नव्हे. तरी जमैकांतील जॉय स्पेन्स हिचें स्मरण येथें होतें. ती रसायनशास्त्राच्या बळावर १९८१ सालीं ॲपलटनच्या कारखान्यांत शिरली आणि १९९७ सालीं तेथील प्रधान मिश्रणकार झाली. मद्यव्यवसायांत हें पद मिळविणारी पहिली स्त्री म्हणून तिची ख्याति आहे. मृत्युपत्रापासून पदवीपर्यंतचा हा प्रवास, हाच आमच्या मतें या विषयाचा खरा इतिहास होय.

आतां वाचकांच्या ओठांवरील आक्षेप. १९३० च्या सत्याग्रहांत ज्या देशांतील भगिनींनीं दारूच्या गुत्त्यांवर निरोधन केलें, जेथील महाराष्ट्रांत ‘आडव्या बाटली’ला मत देऊन बायका गांवचें दुकान बंद पाडतात, तेथें हें कौतुक कशास? आक्षेप वजनदार आहे. दारूनें मोडलेल्या संसाराचा भार स्त्रीच वाहते. परंतु तो आक्षेप मद्यावर आहे, स्त्रीच्या नोकरीवर नव्हे. मुलगा अशाच कारखान्यांत लागला म्हणून पेढे वाटणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. मद्यगृहांत स्त्रियांस कामावर ठेवण्याची मनाई करणारें १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यांतील कलम सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं रद्द ठरविलें. संरक्षणाच्या नांवाखालीं स्त्रीची उपजीविका हिरावूं नये, हें त्या निर्णयाचें सार.

पुस्तक परत करतांना आम्हीं विद्यार्थिनीस इतकेंच सांगितलें कीं, “धंदा योग्य कीं अयोग्य, तें तूं ठरव, मात्र अयोग्य ठरविलास, तर माणूस म्हणून ठरव, मुलगी म्हणून नव्हे.” त्यावर तिनें विचारलें, “सर, हें तुम्हीं माझ्या वडिलांना सांगाल का?” पुढील रविवारीं आम्ही त्यांच्याकडे जाणार आहों, आणि पुस्तकहि बरोबर नेणार आहों.