खजाना विहिरीचा फोटो येत नाही

बीडला पाहुणा आला की मी त्याला आधी कंकालेश्वराला नेतो. कुंडाच्या मधोमध तारकाकृती मंदिर, तिथवर जाणारी दगडी वाट आणि कुंड भरलेलं असेल तर पाण्यात उलटं दुसरं मंदिर. इथे फोटो वाईट येऊच शकत नाही. मग आम्ही शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहिरीला जातो. पाहुणा वाकून बघतो आणि म्हणतो, ''एवढंच?''

पहिल्यांदा मीही हेच म्हणालो होतो. आता वाटतं, आपल्याला इमारत बघताच येत नाही. आपण फक्त दर्शनी भाग बघतो.

ही विहीर १५८२ सालची. निजामशाहीत बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबत खानाने ती बांधवली. राजा भास्कर हा तिचा स्थापत्यकार. सगळा खजिना तिच्यात ओतला म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात. आपल्याला दिसतं ते मात्र या वास्तूचं नुसतं तोंड. खरी इमारत जमिनीखाली आहे: तीन भुयारं. दोन भुयारांतून पाणी विहिरीत येतं, तिसऱ्यातून बीडकडच्या शेतांना जातं. मोट नाही, मोटार नाही. सगळं काम जमिनीच्या उताराचं. औरंगाबादची मलिक अंबरची नहर गाजली, पण ती यानंतरची. इराणातल्या कनातींचंही तत्त्व हेच.

कंकालेश्वर पाण्यात उभं आहे. खजाना विहीर पाण्यासाठी. म्हणून दोघांना एकच माप लावणं मला चुकीचं वाटतं. मंदिराचे दगड सांभाळले की मंदिर बऱ्यापैकी टिकतं. विहिरीचं तसं नाही. कठडा दुरुस्त केला, फलक लावला, गवत काढलं आणि भुयारांच्या वाटेवर बोअर पाडले, प्लॉटिंगसाठी जेसीबी लावला, तर गोल दगडी बांधकाम उरेल, विहीर उरणार नाही. आणि फोटोत फरकही दिसणार नाही.

हा नुसता वारशाचा प्रश्न नाही. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं दरवर्षी दिवाळीनंतर दुसऱ्यांच्या शेतातला ऊस तोडायला जातात. अशा मुलखात चारशे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी जमिनीचा उतार वाचून पाणी शेतापर्यंत नेलं. बीडची सगळ्यात हुशार इमारत हीच, असं माझं मत आहे.

तुम्ही गेलात तर कठड्यावरून आत जरूर वाका. मग मात्र विहिरीकडे पाठ करून आजूबाजूच्या रानाकडे बघा आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, ''बाबा, भुयार कुठून जातं?'' फोटो नंतर काढा.