स्मरणचित्रातले स्मरण कोणाचे?

चित्रकला शिक्षकांनी एकत्र यावे, याबद्दल माझा वाद नाही. शाळेत हा माणूस बहुधा एकटाच असतो. फलकलेखन आणि स्नेहसंमेलनाचे पडदे यांना जुंपलेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर सहावी ते आठवीसाठी, तीही पट १०० च्या वर असेल तरच, कलेला अंशकालीन निदेशक अशी त्याची किंमत ठरवली. तेव्हा संघटना हवीच. पण एकत्र येऊन हे शिक्षक एकमेकांना देतात काय?

गेल्या वर्षी तालुक्याच्या अशा एका बैठकीला मला, मराठीच्या प्राध्यापकाला, बोलावले होते. दिवसभर नमुनाचित्रांची देवघेव चालली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्र असते. त्यासाठी बाजार, बसस्थानक, पाणवठा यांचे तयार आराखडे. मुलांनी ते गिरवून पाठ करायचे. श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून ही घाई. म्हणजे स्मरणही उसनेच! त्या पाणवठ्यावर बायका हसतमुख, घागरी भरलेल्या. माझ्या आईच्या आठवणीत असा पाणवठा नाही. १९२७ साली महाडला ज्या पाण्यासाठी आमच्या माणसांनी मार खाल्ला, ते पाणी या चित्रांत कधी कोणाला अडवलेलेच नसते.

एका शिक्षकाने मात्र मुलांची स्वतःची चित्रे आणली होती. ऊसतोडीला जाऊन आलेल्या एका मुलीने कोपी काढली होती. चूल भलीमोठी, आई एवढीशी. 'प्रमाण चुकले,' असा निवाडा झाला आणि चित्र बाजूला गेले. प्रमाण चुकले हे खरे. पण चूल एवढी मोठी का झाली, हे त्या अनुभवी मंडळींपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही!

प्रमाणबद्धता नको, असे मी म्हणत नाही. आमच्या मुलांना कसब नाकारण्याची ती नवी सबब होईल. नागपूरच्या सावी सावरकरांनी अस्पृश्याच्या गळ्यातले मडके चित्रात आणले ते रीतसर कलाशिक्षण घेऊन. पण काय काढायचे, हे त्यांनी कोणाच्या नमुन्यावरून घेतले नव्हते.

पुढच्या बैठकीला नमुने घरी ठेवून मुलांची चित्रे आणावीत, असे मी सुचवले. अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितले. तो शिक्षक आणि शेजारच्या गावांतले दोघे मात्र आता महिन्यातून एकदा एकमेकांच्या शाळेत बसतात, मध्ये मुलांची चित्रे पसरून. संघटनेच्या इतिवृत्तात याची नोंद नाही.