राधेचें मनोगत

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. ती न वाचलेला मराठीचा पदवीधर आम्हांस क्वचितच भेटला आहे. तिची रचना वाचकांस ठाऊकच आहे. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटीं श्रीकृष्णहि आपापली हकीकत सांगतात. यंदां वर्गांत ती पुन्हां शिकवितांना या सभेंतील एक आसन रिकामें असल्याचें आम्हांस खटकलें. जिनें त्या मुलास न्हाऊंमाखूं घातलें ती राधा बोलत नाहीं. टाकणारीस प्रकरण मिळालें, उचलणारीस मिळालें नाहीं!

हा दोष एकट्या सावंतांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. रणजित देसाई यांनीं १९७३ सालीं आपल्या कादंबरीस 'राधेय' हें नांव दिलें, म्हणजे पालनकर्त्या आईस मुखपृष्ठावर स्थान मिळालें. परंतु तें नांव उच्चारतांना आपल्या मनांत उभी राहते ती कुंतीच. वाचकाची सारी जिज्ञासा जन्माच्या रहस्याकडे धांवते. आपल्या भाषेंत 'पोटचा' हा शब्द मायेचा आणि 'पोसका' हा हिणवण्याचा; मग कादंबरीकार तरी निराळें काय करणार?

महाभारतकारांची दृष्टि इतकी कोती नव्हती. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण कर्णास त्याचें कुळ सांगून राज्य देऊं करतो. त्यावर कर्णाचें उत्तर काय आहे? आपणांस पाहतांच राधेस पान्हा फुटला, तिनें आपलें मलमूत्र काढिलें, तिचा पिंड आपण कसा तोडावा? अधिरथानें जातकर्म केलें, नांव ठेवविलें, लग्न लावून दिलें. सारी पृथ्वी किंवा सोन्याच्या राशी मिळाल्या तरी हें नातें खोटें करतां येणार नाहीं. मलमूत्राचा उल्लेख आमच्या कांहीं सोवळ्या विद्यार्थ्यांस रुचत नाहीं. आम्हांस तर त्या संवादाचें सारें बळ त्यांतच दिसतें. आईपण कशाचें बनतें याचा हिशेब तेथें रोकडा मांडला आहे.

इंग्रजींत ज्यास 'फॉस्टर केअर' म्हणतात, त्याची तरतूद २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ४४ व्या कलमांत आहे. तें कलम आम्ही वाङ्मय म्हणून वाचलें, याबद्दल वकील मंडळींनीं क्षमा करावी. मूल परक्या कुटुंबांत ठेवावयाचें तें त्या कुटुंबाची ऐपत, हेतु आणि मुलें सांभाळण्याचा अनुभव पाहून. भावंडांची शक्यतों ताटातूट करूं नये. बालकल्याण समितीनें दरमहा पाहणी करावी. आणि मुलाच्या हिताआड येत नसेल तर जन्मदात्यांस भेटीची मुभा असावी. दत्तकविधानांत मूल कायमचें आपलें होतें; येथें तें परत जाण्याचा संभव प्रत्येक दिवशीं उभा. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीं एकट्या व्यक्तींसहि हें दार उघडलें आणि सांभाळलेल्या मुलास दत्तक घेण्यापूर्वीं लागणारी मुदत पांचांवरून दोन वर्षांवर आणली. तथापि त्या दोन वर्षांत घरांतल्या बाईनें जीव लावावा कीं हात राखून वागावें, हें कोणतें कलम सांगणार? हा प्रश्न कादंबरीचाच आहे. भेटीच्या कलमापाशीं तर आम्हांस गंगातीरीं आलेली कुंती आठवली. तीहि मुलास भेटावयास आली, पण युद्धाच्या तोंडावर आणि मागणें घेऊन. तशी भेट मुलाच्या हिताची ठरली असती काय, याविषयीं समितीचें मत ऐकण्यास आम्ही उत्सुक आहों.

आमच्या धाराशिव जिल्ह्यास हा विषय पुस्तकी नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीप्रमाणेंच आमचें सास्तूरहि जमीनदोस्त झालें. त्या दोन जिल्ह्यांतील सुमारें बाराशें मुलें भारतीय जैन संघटनेनें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं. त्या कार्याचें मोल आम्ही जाणतों. परंतु वसतिगृह कितीहि मायाळू असलें तरी तें घर नव्हे. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या घरीं तर दर हंगामांत आजी राधा होते, तिच्यावर कोणी देखरेख करीत नाहीं आणि तिला कोणी विचारीतहि नाहीं.

म्हणून परवां आम्ही वर्गास राधेचें मनोगत लिहावयास सांगितलें. बहुतेकांनीं टाहो फोडला. अलंकारांची लयलूट केली. ऊसतोड्याच्या घरची, आजीच्या हातीं वाढलेली एक मुलगी मात्र अवघ्या अर्ध्या पानांत मोकळी झाली. तिची राधा कर्ण गंगेवरून परतल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहते, सारें ओळखते, कुंतीचें नांवहि काढीत नाहीं. पाण्याचा तांब्या पुढें करून विचारते, "जेवून आलास कीं वाढूं?"