‘अवर स्टोलन फ्युचर’ : जव्हार-मोखाड्यातून वाचताना

थिओ कोलबर्न, डायॅन ड्युमानोस्की आणि जॉन पीटरसन मायर्स यांचे ‘अवर स्टोलन फ्युचर’ हे पुस्तक १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याची तुलना रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकाशी झाली. ती योग्यच होती. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. मात्र जव्हार किंवा मोखाड्याच्या एखाद्या आश्रमशाळेत बसून ते वाचले, तर त्यातली एक मोठी उणीव जाणवते.

आधी पुस्तकाचे बळ पाहू. रसायनांचा धोका म्हणजे कर्करोग, असे समीकरण तोपर्यंत रूढ होते. लेखकांनी त्याऐवजी संप्रेरकांकडे लक्ष वेधले. शरीराच्या वाढीचे निरोप संप्रेरके पोचवतात. त्यांच्यासारखी दिसणारी किंवा त्यांच्या कामात अडथळा आणणारी रसायने अगदी थोड्या प्रमाणातही घात करू शकतात. किती मात्रा गेली, याइतकेच ती कोणत्या वयात गेली हे महत्त्वाचे. गरोदर स्त्रियांना दिल्या गेलेल्या डीईएस या औषधाचा परिणाम त्यांच्या मुली वयात आल्यावर दिसला, तो १९७१ साली. कारण आणि परिणाम यांत वीस वर्षांचे अंतर असू शकते, ही गोष्ट पुस्तक फार चांगली समजावते.

अवटु ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, हेच लागू पडते. गळ्याशी असलेली ही ग्रंथी रक्तातून आयोडीन ओढून घेते आणि थायरॉक्सिन बनवते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. गर्भाचा मेंदू घडत असताना पहिले काही महिने हे संप्रेरक आईकडूनच मिळते. त्या काळात तुटवडा पडला, तर नंतर भरपूर आयोडीन देऊनही झालेली हानी पूर्ण भरून निघत नाही. जुन्या विद्युत रोहित्रांच्या तेलातली पीसीबी ही रसायने या संप्रेरकाच्या वाटेत कशी येतात, याची चर्चा पुस्तकात आहे.

उणीव इथेच आहे. पुस्तकातले मूल पोटभर जेवणारे आहे. विष त्याच्यापर्यंत येते ते मासे, दूध आणि प्लॅस्टिक यांच्या वाटेने. त्याच्या शरीरात आयोडीन पुरेसे आहे, हे जणू गृहीतच धरलेले आहे. वास्तविक विष आणि तुटवडा यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही. थायोसायनेट आणि परक्लोरेट ही रसायने ग्रंथीच्या दारात आयोडीनशीच स्पर्धा करतात. तंबाखूच्या धुरातून शरीरात थायोसायनेट वाढते. परक्लोरेट फटाक्यांच्या दारूत असते. आयोडीन भरपूर असेल तर ते ही स्पर्धा बहुधा जिंकते. ते कमी असेल, तर थोडे रसायनही भारी पडते.

हे पुस्तकाच्या आधीच माहीत होते. त्या वेळच्या झाईर देशात नीट न भिजवलेला कसावा खाणाऱ्या आणि आयोडीन कमी मिळणाऱ्या लोकांत गलगंड व मतिमंदत्व का वाढते, याचा अभ्यास १९७०च्या दशकापासून झाला होता. कसाव्यातून येणारे थायोसायनेट आणि अन्नातले आयोडीन यांचे परस्पर प्रमाण निर्णायक ठरते, असे त्यात दिसले. पुढे २००६ साली अमेरिकेतल्याच एका पाहणीत परक्लोरेट आणि थायरॉक्सिनची घट यांचा संबंध आढळला, तो ज्यांच्या लघवीत आयोडीन कमी होते अशा स्त्रियांमध्ये.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. आज पालघर जिल्ह्यात असलेले जव्हार आणि मोखाडा हे तालुके २०१४पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. १९९२-९३च्या सुमारास वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचे नाव राज्यभर गेले. मुसळधार पाऊस डोंगरउतारावरच्या मातीतले आयोडीन धुऊन नेतो. अशा जमिनीतल्या नागली-वरईत ते कमीच उतरणार. म्हणून मिठाचे महत्त्व मोठे. भात-नागलीची कामे उरकली, दिवाळी झाली, की कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. लहान मुले आणि गरोदर बायाही बरोबर असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत डावणी रोगावर मॅन्कोझेब फवारतात. ते विघटित होऊन इथिलीन थायोयुरिया तयार होतो. हा पदार्थ आयोडीन जोडणाऱ्या विकरालाच अडवतो. युरोपीय संघाने २०२० साली मॅन्कोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. संप्रेरकांवरील परिणाम हे त्यामागचे एक कारण होते.

याचा अर्थ वर्गात मागे पडणारे प्रत्येक मूल फवारणीचे बळी आहे, असा नव्हे. भूक, जंत, मलेरिया, रक्तक्षय, दर वर्षी चार-पाच महिने बुडणारी शाळा अशी कारणे समोरच असतात. प्राण्यांवरच्या निरीक्षणांवरून माणसाविषयी घाईने बोलण्याचा दोष या पुस्तकातही काही ठिकाणी आहे. शुक्रजंतूंच्या घटीविषयीची चर्चा हे त्याचे उदाहरण. आपण तो दोष उचलू नये. पण ‘हे मूल मठ्ठच’ असा शेरा मारणे हेही तितकेच अशास्त्रीय आहे. आळस, थंडी सहन न होणे, खुंटलेली उंची, गळ्याशी सूज अशी लक्षणे एकत्र दिसली, तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. रक्ताच्या तपासणीने निदान होते आणि गोळीने उपचार होतात.

आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावर २००६पासून देशभर बंदी आहे. तरी मुलांनी घरचे चिमूटभर मीठ वर्गात आणावे आणि आशाताईंकडच्या चाचणी-किटमधला थेंब त्यावर टाकून पाहावा. आयोडीन असेल तर मीठ निळे होते. उघड्या, दमट जागी ठेवलेल्या मिठातले आयोडीन कमी होत जाते, हेही त्याच तासाला सांगता येईल.

आयोडीनयुक्त मीठ खाल्ले म्हणजे फवारणी निर्धोक झाली, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बागेत औषध मारताना पोरांना आणि गरोदर बाईला दूर ठेवणे ही बागाईतदाराची आणि शासनाची जबाबदारी आहे; ती मिठाच्या पुडीवर ढकलता येणार नाही. भविष्य चोरले जाते, असे लेखक म्हणतात. ते सर्वांचे सारखे चोरले जात नाही, हे त्यांनी पुरेसे सांगितलेले नाही. पुस्तक वाचताना ही भर आपण घालायची आहे.