पोळं, पेटी आणि फवारणी

मंडळी, मध खावा की नाही, यावर दोन तयार उत्तरं फिरत असतात. एक म्हणतं, मध म्हणजे माशांची लूट, सोडून द्या. दुसरं म्हणतं, मधपेटी ठेवा. माशी जगते, पीक वाढतं, वर मधही मिळतो, मग पाप कसलं? आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात.

हा वाद विलायतेतल्या व्हीगन मंडळींनी 1944 नंतर काढला, असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरी आहे. त्या जैन परंपरेत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग एका दमात सांगितलेला आहे. अमृतचंद्राचार्य तर ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त म्हणतात की पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तरी हिंसा टळत नाही, कारण त्यातले जीव मरतातच. म्हणजे ‘आम्ही माशी मारत नाही’ एवढ्यावर पेटीवाल्याची सुटका नाही. पटो न पटो, युक्तिवाद कच्चा नाही.

आता आपल्याकडं मध निघतो कसा ते बघा. आग्या माशीचं एकच मोठं उघडं पोळं, झाडाला नाहीतर पुलाखाली लटकलेलं. मध वरच्या भागात, पिलं खाली. टेंभा पेटवायचा, माशा होरपळवायच्या, अख्खं पोळं कापून पिळायचं. म्हणजे पिलांसकट! आणि तोच मध आपण पंचामृतात घालतो. वर्ध्याकडं अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायची पद्धत शिकवली गेली. पिलांचं पोळं जागेवर राहतं. एवढंच, पण फरक केवढा!

पेटीचं म्हणाल तर गाईला दावं असतं, सातेरी माशीला नसतं. खायला नसलं की अख्खी वसाहत उठून जाते. आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते, कारण जिला निघून जाता येतं तिला कैदी म्हणणं अवघड. इटालियन माशी मात्र सहसा पेटी सोडत नाही. तिथं हा बचाव लंगडा पडतो.

2022 साली महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव झालं. छान झालं. पण मांघरला जंगल आहे. पालमला काय? कापूस, सोयाबीन, तूर. करडई हा हिवाळ्यात माशीचा हक्काचा फुलोरा होता, तो मागं पडला. मग उन्हाळ्यात पेटीत साखरेचं पाणी ठेवायचं. तिचा मध काढून घ्यायचा, साखरपाणी द्यायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, हे आमच्या जिवावर येतं. वसाहतीपुरता मध पेटीत सोडला असता तर गोष्ट वेगळी.

आणि मध सोडलेला माणूस तरी सुटला का? तूर फुलात असताना भर सकाळी फवारणी झाली, की रानात गेलेल्या कितीतरी माशा परत येत नाहीत. त्याच तुरीचं वरण तोही खातो. संध्याकाळी फवारा, माशा घरी गेल्यावर, असा सल्ला असतोच. पण संध्याकाळी मजूर थांबत नाही. आणि शेजाऱ्यानं आदल्या दिवशी सांगायचं कुणाला? बांधापलीकडं पेटी आहे, हेच त्याला ठाऊक नसतं.