‘म्हणे’चा लोप : आयव्ही ली यांच्या पत्रकांची भाषा

वृत्तपत्राची नोकरी सोडून आपद्‌ग्रस्त संस्थांची बाजू लोकांपुढे मांडण्याचा व्यवसाय पत्करणाऱ्या पत्रकाराविषयी जी चर्चा होते, ती बहुधा नीतीच्या परिभाषेत होते. भाषेच्या अभ्यासकापुढे मात्र एक निराळा प्रश्न उभा राहतो. लेखणी तीच, वाक्यरचनाही तीच. मग नेमके बदलते काय? या प्रश्नाच्या विचारासाठी आयव्ही ली (१८७७–१९३४) यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

ली हे प्रिन्स्टनचे पदवीधर. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत बातमीदारी केल्यानंतर ते या नव्या व्यवसायात शिरले. १९०६ साली कोळसा-खाणमालकांचे काम करीत असता त्यांनी संपादकांना उद्देशून आपल्या तत्त्वांचे एक निवेदन प्रसिद्ध केले. आपले काम उघडपणे चालेल, दिलेली माहिती अचूक असेल आणि तिची पडताळणी करू इच्छिणाऱ्या संपादकास साहाय्य केले जाईल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीनजीक पुलावरून आगगाडी पाण्यात कोसळून ५० हून अधिक माणसे दगावली. त्या वेळी रेल्वे कंपनीच्या वतीने ली यांनी बातमीदारांना अपघातस्थळी नेण्याची व्यवस्था केली, असे सांगितले जाते. अपघात दडपण्याची तत्कालीन रीत ध्यानात घेता ही सुधारणाच होती. बातमीदाराचा अनुभव येथे सत्याच्या उपयोगी पडला, हे मान्य केले पाहिजे.

कोलोरॅडोतील प्रकरण याहून वेगळे आहे. तेथील कोळसा-खाणकामगारांच्या संपात, २० एप्रिल १९१४ रोजी, लडलो येथील कामगारांच्या तंबूवस्तीवर सैनिकांनी हल्ला केला. तंबू जळाले, आणि एका तंबूखालील खड्ड्यात आश्रय घेतलेल्या २ स्त्रिया व ११ मुले गुदमरून मेली. रॉकफेलर कुटुंबाने पुढे ली यांना पाचारण केले. त्यांनी काढलेल्या पत्रकमालेच्या शीर्षकातच ‘तथ्ये’ हा शब्द होता. तथापि संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना वर्षभरात मिळालेल्या रकमा त्यांत नऊ आठवड्यांच्या म्हणून छापल्या गेल्या. १९१५ साली औद्योगिक संबंधविषयक सरकारी आयोगापुढे साक्ष देताना ली यांनी सांगितले की, माहिती मालकांकडून आली होती आणि तिची सत्यता तपासण्याचा प्रयत्न आपण केला नव्हता.

या कबुलीचे भाषिक मर्म मराठीच्या द्वारे चांगले उकलते. ‘गाडी घसरली’ आणि ‘गाडी घसरली म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. भेद आहे तो वक्त्याने स्वीकारलेल्या जबाबदारीचा. ‘म्हणे’ने वक्ता सुचवितो की ही माहिती ऐकीव आहे, तिचा भार आपल्यावर नाही. ते गाळले की विधानाचा भार वक्त्यावर येतो. इंग्रजीत हे काम क्रियाविशेषणाने किंवा उपवाक्याने होते. माहितीचा उगम सांगणारे हे शब्द तेथेही सहज गाळता येतात. कोलोरॅडोची पत्रके वस्तुतः ‘म्हणे’ची विधाने होती; ती ‘म्हणे’वाचून छापली गेली. बातमीच्या वाक्यास जी विश्वसनीयता लाभते ती पडताळणीच्या परिश्रमातून. ली यांनी वाक्याचा घाट सोबत नेला. परिश्रम मागे राहिले.

यावर असा आक्षेप संभवतो की, पक्षकाराची बाजू मांडणारा वकीलही तिची स्वतंत्र शहानिशा करीत नाही. हा आक्षेप अंशतःच खरा आहे. वकिलाचे विधान हे युक्तिवाद म्हणूनच ऐकले जाते. समोर प्रतिपक्ष असतो, वर न्यायाधीश असतो. ‘तथ्ये’ या नावाने आलेले पत्रक आपण युक्तिवाद असल्याचे सांगत नाही. वाचकास त्यामागील पक्ष ठाऊक असला, तरी पडताळणी झाली आहे की नाही हे त्याला कळत नाही.

तेव्हा दोष व्यवसायांतरात नाही. १९०६ च्या निवेदनात पडताळणीचे साहाय्य इतरांना देऊ केले होते. १९१४ मध्ये ती स्वतःच करण्याचे राहून गेले. मराठी वृत्तपत्राच्या कचेरीतही प्रसिद्धिपत्रकातील मजकूर घेताना ‘असे कंपनीने कळविले आहे’ हे शब्द जागेअभावी गळतात, तेव्हा हाच लोप घडतो. आपत्प्रसंगीच्या निवेदनांचा अभ्यास करणाऱ्याने कर्मणी प्रयोगात दडलेला कर्ता तर शोधावाच. परंतु त्याआधी प्रत्येक विधानापुढे ‘म्हणे’ ठेवून पाहावे, आणि ते काढून टाकण्याचा अधिकार लेखकाने कोणत्या श्रमाने मिळविला, हे विचारावे.