हिशेब आणि जाब : मानवतावादी साहाय्याच्या मानकग्रंथांची भाषा

१

भूकंप, दुष्काळ, युद्ध यांनी निराधार झालेल्या लोकांना जे साहाय्य दिले जाते त्याचा दर्जा कोणी ठरवावा, आणि ते उणे पडल्यास कोणी कोणाला उत्तर द्यावे, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा किंवा प्रशासनशास्त्राचा मानला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडावे, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु गेल्या तीन दशकांत या प्रश्नाला साहाय्यसंस्थांनी जे उत्तर दिले ते मुख्यतः ग्रंथरूपाने दिले आहे. ग्रंथ वाक्यांचे बनलेले असतात आणि वाक्यात कोणीतरी कर्ता असतो, कोणीतरी घेणारा असतो. या कर्त्याचे व घेणाऱ्याचे स्थान पाहिले असता मानकांच्या आशयाविषयी काही बोध होतो किंवा कसे, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परीक्षणासाठी दोन ग्रंथ घेतले आहेत : ‘स्फिअर’ची हस्तपुस्तिका आणि ‘कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड’. दुसऱ्याचा उल्लेख यापुढे ‘गाभा-मानक’ असा केला आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार आवश्यक आहे. ‘अकाउंटेबिलिटी’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘अकाउंट’ म्हणजे हिशेब आहे. मराठीत आपण त्यासाठी ‘उत्तरदायित्व’ किंवा ‘जबाबदारी’ हे शब्द योजतो. त्या दोहोंच्या मुळाशी उत्तर आहे. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे. हिशेब ज्याने पैसा दिला त्याला द्यावयाचा असतो. जाब मात्र जो विचारील त्याला द्यावा लागतो. विचारणारा नसेल तर जाब हा शब्दच निरर्थक होतो. बाजारात पैसा देणारा व वस्तू घेणारा एकच असल्यामुळे हिशेब आणि जाब सहसा वेगळे पडत नाहीत. मानवतावादी साहाय्यात पैसा देणारा एका देशात व साहाय्य घेणारा दुसऱ्या देशात असतो, आणि घेणाऱ्याने पाठ फिरविली तरी संस्थेचे उत्पन्न घटत नाही. या क्षेत्रातील उत्तरदायित्वाचा सारा पेच येथून निर्माण होतो.

२

या मानकग्रंथांचा उगम १९९४ च्या रुआंडातील नरसंहारानंतरच्या घटनांत आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात पाच ते आठ लाख निर्वासित अवघ्या काही दिवसांत सीमा ओलांडून तत्कालीन झाईरमधील गोमा शहराच्या परिसरात आले. तेथील जमीन ज्वालामुखीच्या खडकाची; तीत शौचकूप खणणे कठीण आणि मृतांना पुरणेही कठीण. पटकी व रक्ती अतिसार यांच्या साथींनी प्रामुख्याने पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार माणसे दगावली. साहाय्य पाठविणाऱ्या संस्था थोड्या नव्हत्या. परंतु काहींपाशी अनुभव होता, काहींपाशी केवळ सदिच्छा होती, आणि यांतील भेद ओळखण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या संयुक्त मूल्यमापनाचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकीय कृतीची उणीव मानवतावादी साहाय्याने भरून निघत नाही, हा त्याचा प्रमुख निष्कर्ष होता. संस्थांच्या कार्याचा दर्जा अत्यंत विषम होता, असेही त्याने दाखवून दिले.

१९९७ मध्ये आरंभिलेल्या ‘स्फिअर’ प्रकल्पाने १९९८ मध्ये हस्तपुस्तिकेची चाचणी-आवृत्ती काढली. पुढे २०००, २००४, २०११ व २०१८ मध्ये तिच्या चार आवृत्त्या निघाल्या. दुसरीकडे, आपद्ग्रस्तांच्या तक्रारी ऐकण्यासाठी संस्थांच्या बाहेरचा एक लोकपाल असावा, अशी कल्पना ब्रिटनमध्ये पुढे आली होती. तिचा शेवट मात्र लोकपालात न होता संस्थांच्या स्वनियमनात झाला. त्या स्वनियमनाच्या परंपरेतूनच २०१४ चे गाभा-मानक व २०२४ ची त्याची सुधारित आवृत्ती तयार झाली. विचारणारा बाहेर असावा ही मूळ कल्पना होती. उत्तर देणाऱ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, ही तिची परिणती झाली.

३

या ग्रंथांचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. दर माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, एका नळावर फार तर २५० माणसे, पाण्याचे ठिकाण निवाऱ्यापासून ५०० मीटरांच्या आत, दर माणशी साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, दररोज सुमारे २,१०० किलोकॅलरी अन्न : ‘स्फिअर’चे हे आकडे आता या क्षेत्रातील प्रत्येकाच्या तोंडी आहेत. छावणीत दर माणशी आठ लिटर पाणी मिळते, या विधानाला पूर्वी ‘हरकत नाही, काही तरी मिळते आहे’ असे उत्तर देता येत असे. आता ते देता येत नाही. मोजता येणारी उणीव नाकारता येत नाही, हे या आकड्यांचे सामर्थ्य होय.

हस्तपुस्तिकेच्या कर्त्यांनी मानक व निर्देशक यांत भेद केला आहे, हेही लक्षात ठेवावे. मानक हे गुणात्मक विधान असते. आकडा त्याचा केवळ निर्देशक असतो आणि तो परिस्थिती पाहून लावावयाचा असतो. व्यवहारात मात्र विधान मागे पडते व आकडा उरतो, कारण आकडा अहवालात लिहिता येतो आणि अहवाल देणगीदाराकडे जातो. ‘सीमेपलीकडील डॉक्टर’ या वैद्यकीय संघटनेने व काही फ्रेंच संस्थांनी, साहाय्याचे रूपांतर तांत्रिक मापनात होईल, असा जो आक्षेप घेतला तो या दृष्टीने सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. हस्तपुस्तिकेने उत्तम हिशेब शिकविला. जाबाचे काय, हा प्रश्न त्यानंतर उरतो.

४

येथे आपल्या व्याकरणपरंपरेतील एक विवेचन उपयोगी पडते. क्रियेच्या कर्माने कर्ता ज्याला गाठू इच्छितो ते संप्रदान, असे पाणिनी मानतो. म्हणजे घेणारा हा घेणारा ठरतो तो देणाऱ्याच्या इच्छेमुळे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त याच्या पुढे जाऊन संप्रदान तीन प्रकारांनी सिद्ध होते असे सांगितले. पहिला घेणारा केवळ नाकारत नाही : सूर्याला अर्घ्य दिले तर सूर्य ते मागतही नाही, परतही करीत नाही. दुसरा देणाऱ्याला प्रवृत्त करतो : ब्राह्मण गाय मागतो म्हणून ती त्याला दिली जाते. तिसरा मागत नाही, पण देऊ केलेल्यास अनुमती देतो : शिष्याने दिलेली गाय गुरू स्वीकारतो. टीकाकारांनी यांना अनुक्रमे अनिराकर्ता, प्रेरक व अनुमंता अशी नावे दिली आहेत.

साहाय्याच्या भाषेचा गेल्या तीस वर्षांतील प्रवास या तीन संज्ञांनी नेमका सांगता येतो. गोमा येथील निर्वासित अनिराकर्ता होता. जे आले ते त्याने घेतले आणि न घेण्याची शक्ती त्याच्यात नव्हती. त्याचे मौन संमती म्हणून नोंदले गेले.

२०१४ च्या गाभा-मानकातील नऊही प्रतिज्ञांत आपद्ग्रस्त समाज हा वाक्याचा उद्देश्य आहे, आणि हा बदल जाणीवपूर्वक केलेला दिसतो. परंतु त्यांतील बहुतेक क्रियापदे ‘मिळणे’, ‘उपलब्ध असणे’, ‘अपेक्षा करता येणे’ या अर्थाची आहेत. इंग्रजीत साहाय्य घेणारा प्रथमेत येऊ शकतो, म्हणून तो कर्ता भासतो. याच वाक्याचे मराठी करू जाता हा भास टिकत नाही. ‘आपद्ग्रस्तांना साहाय्य मिळते’ असे म्हटले की घेणारा चतुर्थीत जातो आणि क्रियापद साहाय्याशी जुळते. त्याला प्रथमेत ठेवावयाचे तर ‘आपद्ग्रस्त साहाय्य घेतात’ किंवा ‘आपद्ग्रस्त साहाय्य मिळवितात’ असे म्हणावे लागते, आणि तेव्हा अर्थ बदलतो : ‘घेणे’मध्ये अनुमती आहे, ‘मिळविणे’मध्ये प्रयत्न आहे. इंग्रजीने जे एका क्रियापदात झाकून ठेवले ते मराठीत तीन क्रियापदांत वेगळे होते, आणि ती तीन बरीचशी भर्तृहरीच्या तीन प्रकारांशी जुळतात. अशा भाषांतराच्या कसोटीवर पाहता २०१४ चे मानक मुख्यतः ‘मिळणे’चे आहे व काही ठिकाणी ‘घेणे’चे, हक्कांची माहिती व निर्णयातील सहभाग तेथे चौथ्या क्रमांकावर आहे.

२०२४ च्या आवृत्तीत हा क्रम बदलला. हक्क बजावणे व निर्णयात भाग घेणे ही प्रतिज्ञा प्रथम आली. तक्रारीच्या प्रतिज्ञेचा क्रमांक पाचवाच राहिला, पण तिचे वाक्य बदलले : २०१४ मध्ये तक्रारीची यंत्रणा लोकांना उपलब्ध असे, २०२४ मध्ये लोक तक्रार करू शकतात व तिची दखल घ्यावयास लावू शकतात. ‘करविणे’ हे प्रयोजक रूप येथे अर्थाने प्रविष्ट झाले आहे. निदान वाक्यात तरी आपद्ग्रस्त प्रेरक झाला, असे म्हणता येईल.

५

‘निदान वाक्यात’ असे म्हणण्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, ज्याची अनुमती वा प्रेरणा नोंदली जाते तो कोण, हे मानक सांगत नाही. गोमाच्या छावण्यांत लोकांचे प्रतिनिधी होते आणि वाटपही प्रारंभी त्यांच्यामार्फत चाले. परंतु त्यांपैकी अनेक जण नरसंहारात हात असलेल्या सत्तेचेच नेते होते. याच कारणासाठी ‘सीमेपलीकडील डॉक्टर’च्या फ्रेंच शाखेने १९९४ च्या अखेरीस त्या छावण्या सोडल्या. जाब विचारणारा हवा, हे खरे. पण विचारणाऱ्याचा आवाज कोणाचा आहे, हे तपासल्यावाचून सहभाग हा दुर्बलांना अधिकच दुर्बल करू शकतो. २०१७ नंतर बांगलादेशातील कॉक्स बझार येथे आलेल्या रोहिंग्यांच्या बाबतीत हाच प्रश्न भाषेच्या रूपाने उभा राहिला. रोहिंग्या भाषेसाठी हनीफी लिपी आहे, पण ती सर्वांना वाचता येते असे नाही. जवळची चाटगावी बोली बरीच मिळतीजुळती असली तरी तीच नव्हे. अशा समाजासमोर तक्रारपेटी ठेवली आणि ती रिकामी राहिली, तर तिच्या रितेपणाचा अर्थ समाधान असा लावता येत नाही. तो अनिराकर्त्याचाच नवा प्रकार होय.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. तक्रारीची दखल घेतली गेली नाही तर पुढे काय, याचे उत्तर मानकाच्या वाक्यात नाही. गाभा-मानकानुसार संस्थांची पडताळणी होते व प्रमाणपत्रही मिळते. परंतु ते देण्याचा अथवा काढून घेण्याचा निर्णय छावणीतील माणसाच्या हाती नसतो.

या बाबतीत महाराष्ट्राचा एक अनुभव तुलनेस घेण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळातील कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मजुराने काम मागावे, १५ दिवसांत ते द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी त्याची रचना होती. येथे मागणी ही क्रियेचा आरंभ आहे आणि ती डावलल्यास देणाऱ्यावर काही ओढवते. दुष्काळी कामावरचा गरजू येथे कायद्याच्या वाक्यात खऱ्या अर्थाने प्रेरक झाला. तो भत्ता प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला, हे खरे. पण दिला गेला नाही असे म्हणता येते, त्यासाठी भांडता येते, कारण देणे लागते हे आधी लिहिलेले होते. राज्यसंस्थेला हे शक्य होते, कारण तिला मतदार आहेत व न्यायालये आहेत. सीमेपार काम करणाऱ्या संस्थेला यांपैकी काहीच नाही. म्हणून दोहोंची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण उणीव कोठे आहे ते या तुलनेने दिसते.

६

सारांश, मानकग्रंथांनी साहाय्याची गुणवत्ता सुधारण्यास हातभार लावला आहे आणि त्यांच्या भाषेने घेणाऱ्याला क्रमाक्रमाने वाक्याच्या अग्रभागी आणले आहे. हे यश लहान मानण्याचे कारण नाही. भाषा बदलल्यावाचून व्यवहार बदलल्याची उदाहरणे विरळ आहेत. परंतु भर्तृहरीच्या तिन्ही प्रकारांत एक प्रकार नाही, कारण तो संप्रदानच नव्हे : जो नाकारतो तो. ज्याला नाकारता येते त्याच्याच अनुमतीला मोल असते आणि त्याच्याच मागणीला उत्तर द्यावे लागते. मानकाच्या पुढील आवृत्तीचे परीक्षण करणाऱ्या अभ्यासकाने प्रतिज्ञांचा क्रम पाहावाच. त्यासोबत एवढेही पाहावे की, छावणीतील एखाद्या बाईने ‘हे नको, असे नको’ म्हटले तर त्या वाक्याने संस्थेचे काय अडते, याची तरतूद ग्रंथात कोठे आहे काय. ती सापडेपर्यंत आपल्यापाशी हिशेब आहे. जाब अद्याप यावयाचा आहे.